मोबाईलवरील छळ आणि आपल्या मुलांचे मौन

(पालक व तरुण यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींस कदाचित क्षुल्लक वाटेल. मुलेमुली मोबाईलवर एकमेकांस चिडवितात, टोपणनावे ठेवितात, कोणाचे छायाचित्र विद्रूप करून हसतात. यात सभा भरवून बोलण्यासारखे काय आहे, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात येईल. त्यास माझे उत्तर असे की, ज्या समाजाने शब्दांनी केलेली विटंबना पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्या समाजाने तरी शब्दाची जखम लहान मानू नये. आपल्या आजोबांस गावात वावरताना जे ऐकावे लागे, ते आज आपल्या मुलास रात्री अंथरुणावर पडून मोबाईलच्या पडद्यावर वाचावे लागत असेल, आणि शेजारी निजलेल्या आईबापांस त्याची वार्ताही नसेल, तर ती स्थिती आपण समजून घेतली पाहिजे.

प्रथमतः छळ म्हणजे काय हे ठरवू. मित्रामित्रांत थट्टा चालते. तिला कोणी छळ म्हणत नाही. शाळांतील छळाचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी प्रथम केला त्या डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. एक, दुखविण्याचा हेतू असतो. दुसरी, तोच प्रकार पुन्हा पुन्हा घडतो. तिसरी, छळणारा बलवान आणि सोसणारा दुबळा अशी स्थिती असते. नॉर्वेतील ज्या शाळांत त्यांनी काम केले तेथे ही दुर्बलता अंगबळाची असे, किंवा एकाकीपणाची असे. मोबाईलवर या तिन्ही गोष्टींचे रूप पालटते. एकाने एकदाच टाकलेले चित्र शंभर जण पुढे पाठवितात, म्हणजे तो घाव शंभर वेळा बसतो. छळणाऱ्यास अंगबळ लागत नाही. खोटे नाव आणि हसणाऱ्यांची संख्या एवढे त्यास पुरते. शाळेतील त्रास पूर्वी शाळा सुटल्यावर निदान सकाळपर्यंत तरी थांबत असे. हा त्रास मुलाबरोबर घरी येतो, जेवणाच्या ताटाशी येतो आणि अंथरुणातही येतो.

हा प्रकार थोड्या मुलांपुरता आहे असेही कोणी समजू नये. संयुक्त राष्ट्रसंघाच्या युनिसेफ या बालसंस्थेने २०१९ साली ३० देशांतील १३ ते २४ वर्षे वयाच्या मुलामुलींस व तरुणांस याविषयी विचारले. १,७०,००० हून अधिक जणांनी उत्तरे दिली. दर तिघांपैकी एकाने सांगितले की, आपला असा छळ झाला आहे. दर पाचांपैकी एकाने सांगितले की, या कारणाने आपण शाळा बुडविली आहे. बंधुभगिनींनो, शाळा बुडविली हे शब्द आपल्या घरांत तरी सहज घेता येणार नाहीत. शिक्षणाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या कुटुंबातील मुलगा वा मुलगी वर्गाच्या भीतीने घरी बसू लागली, तर तिच्याबरोबर एका पिढीची चाल थांबते.

मनावर याचा परिणाम कसा होतो, हे आईबापांनी ओळखावयास शिकले पाहिजे, कारण मूल आपल्या तोंडाने क्वचितच सांगते. झोप उडते. ताप नसताना डोके दुखते, पोट दुखते, आणि ते नेमके शाळेच्या वेळी दुखते. मोबाईल वाजला की मूल दचकते. कोणी जवळ आले की पडदा लपविते. आवडीचे खेळ सुटतात, मित्र सुटतात, गुण घसरतात. पुढे चिंता व खिन्नता कायमची वस्ती करतात, आणि काही मुलांच्या मनात जगूच नये असा विचार येतो. आत्महत्येस बहुधा एकच कारण नसते. अनेक दुःखे एकत्र झालेली असतात. परंतु आधीच वाकलेल्या मनावर हा भार फार जड पडतो, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. असा विचार मुलाच्या मनात आहे की काय, हे त्यास सरळ व शांतपणे विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारणारे कोणी भेटले म्हणून मनाचा भार हलका होतो.

आता मुख्य प्रश्न असा की, एवढे सोसूनही मुले बोलत का नाहीत? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्या घरातच आहे. मूल सांगावयास येते तेव्हा बाप प्रथम काय म्हणतो? “दे तो मोबाईल इकडे.” मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि गरिबाच्या घरी हप्त्याने घेतलेला मोबाईल हाच मुलांचा वर्ग झाला. आज शाळा पूर्ववत भरतात, तरी अभ्यासाच्या सूचना, शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशाच्या याद्या, सारे त्यातूनच येते. तो काढून घेतला की छळणाऱ्यास काही होत नाही. शिक्षा होते ती सोसणाऱ्यास. मुलीच्या वाट्यास याहून वाईट येते. तिचे चित्र कोणी विटाळले तर घरचे म्हणतात, “तू चित्र टाकलेस कशाला?” आणि मग कॉलेज बंद करून तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. हे आपल्या मुली जाणून आहेत. म्हणून त्या गप्प राहतात, आणि त्यांच्या गप्प राहण्यावरच छळणाऱ्याचे सारे बळ उभे असते. “घरी सांगेन” अशी धमकी तो तिला देऊ शकतो, याचा अर्थ असा की, तिचे घर त्याच्या हातातील शस्त्र झाले आहे. हे शस्त्र त्याच्या हातून काढून घेणे केवळ आईबापांच्या हाती आहे.

हे मौन मोडण्याचे काम तरुणांनी कसे केले, याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या देशातील आहे. बांगलादेशात नराईल नावाचा एक जिल्हा आहे. तेथील सादात रहमान या शाळकरी मुलाच्या वाचनात एका १५ वर्षांच्या मुलीची बातमी आली. मोबाईलवरील छळास कंटाळून तिने जीव दिला होता. सादातने हळहळून वर्तमानपत्र बाजूला ठेविले नाही. मुले आईबापांस सांगावयास भितात आणि पोलिसांकडे जावयास त्याहून अधिक भितात, हे त्याने हेरले. मग त्याने व त्याच्या सोबत्यांनी ‘सायबर टीन्स’ नावाचे एक मोबाईल ॲप तयार केले. ज्याचा छळ होतो त्याने त्यात गुप्तपणे आपली तक्रार लिहावी. ती प्रथम वाचणारे त्याच्याच वयाचे तरुण स्वयंसेवक. ते त्यास धीर देत, काय करावे ते सांगत, आणि गरज असेल तेथे पोलिसांस व समाजसेवकांस गाठून देत. याबरोबरच शाळाशाळांतून सभा घेऊन त्यांनी मुलांस सावध केले. २०२० साली मुलांसाठी दिले जाणारे आंतरराष्ट्रीय शांतता पारितोषिक सादातला मिळाले, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. तोपर्यंत त्याच्या गटाने ३०० हून अधिक मुलामुलींस साहाय्य केले होते आणि आठ छळणाऱ्यांस अटक झाली होती.

या उदाहरणाचे मर्म ध्यानात घ्या. नराईल हे काही मोठे नगर नव्हे. त्या मुलांजवळ सत्ता नव्हती. त्यांनी एवढेच केले की, भ्यालेले मूल आणि कायदा यांच्यामध्ये एक विश्वासाचे माणूस उभे केले. मूल त्या माणसाशी बोलले, आणि पुढचे सारे त्यातून घडले.

दुसरे उदाहरण कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताचे आहे. २००७ साली तेथील एका शाळेत नववीत नव्यानेच आलेला एक मुलगा गुलाबी सदरा घालून आला, म्हणून काही दांडगटांनी त्यास चिडविले व धमकाविले. वरच्या वर्गातील डेव्हिड शेफर्ड व ट्रॅव्हिस प्राइस या दोन विद्यार्थ्यांनी दुकानातून ५० गुलाबी सदरे विकत आणले, रात्री इंटरनेटवरून सोबत्यांस निरोप धाडले आणि दुसऱ्या दिवशी ते सदरे शाळेत वाटले. शाळा गुलाबी रंगाने भरून गेली. पुढे त्यातूनच कॅनडात ‘गुलाबी सदऱ्याचा दिवस’ दर वर्षी पाळला जाऊ लागला. या दोघांचे कोणी काही बिघडविले नव्हते. ते केवळ साक्षीदार होते. छळाच्या प्रत्येक प्रसंगी छळणारा एक असतो, सोसणारा एक असतो आणि पाहणारे पुष्कळ असतात. पाहणाऱ्यांनी बाजू घेतली की संख्येचे बळ फिरते. ज्या इंटरनेटवरून निंदा पसरते त्यावरूनच त्या रात्री सहानुभूती पसरली, हेही लक्षात ठेवा.

आता आपल्या स्वतःच्या स्थितीकडे वळू. आपले कुटुंब नुकतेच बौद्ध झाले आहे. मुलाच्या वर्गातील मुलांचा मोबाईलवर एक गट आहे. असे समजा की, त्या गटात कोणी तुमच्या मुलाच्या जातीचे नाव घेऊन विनोद टाकतो, कोणी राखीव जागेवरून टोमणा मारतो, कोणी धर्मांतराची टवाळी करतो, आणि बाकीचे हसण्याची चिन्हे टाकतात. मुलाने आपला गट सोडला तर “रागावला” म्हणून हसतात, न सोडला तर रोज वाचावे लागते. हा सामान्य चिडवाचिडवीचा प्रकार नव्हे. येथे मुलाच्या जन्मावर व त्याच्या घराण्यावर आघात केला जातो, आणि मुलास तो बदलता येत नाही.

अशा वेळी कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस लोकांच्या देखत जातीवरून हिणविणे हा गुन्हा मानतो. इंटरनेटवर सर्वांस दिसेल अशा रीतीने केलेला अपमानही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो, असे केरळच्या उच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. धर्मांतराने हे संरक्षण गेले असे कोणी तुम्हांस सांगेल तर ते मानू नका. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींत स्थान मिळालेले आहे. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे ध्यानात ठेवा. अपमान जातीच्या कारणावरून झालेला असला पाहिजे. केवळ अनुसूचित जातीच्या माणसास कोणी वाईट बोलले एवढ्याने हा कायदा लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. बंद गटातील मजकुराबाबत जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊनच पुढे जावे.

जातीचा संबंध नसला तरी सोसणारा निराधार नाही. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे, खाजगी छायाचित्र पसरविणे, अश्लील मजकूर टाकणे हे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हे आहेत. स्त्रीचा इंटरनेटवरून पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. अठरा वर्षांखालील मुलामुलींविषयी लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो, आणि त्या कायद्याने मुलाचे नाव वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करण्यास बंदी आहे. म्हणून अब्रूच्या भयाने तक्रार दाबू नका. अजूनही काही जण कलम ६६-अ खाली तक्रार घ्या म्हणून सांगतात; ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच रद्द केले आहे, हे तरुणांनी त्यांस समजावून सांगावे.

छळणारा स्वतः अजाण असेल तर? पुष्कळदा तो त्याच वर्गातील मूल असतो. कायदाही अशा मुलाकडे सुधारण्याच्या दृष्टीने पाहतो. आपलीही दृष्टी तीच असली पाहिजे. पहिली पायरी म्हणजे शिक्षक व मुख्याध्यापक यांच्याकडे लेखी तक्रार. दोन्ही घरची माणसे समोरासमोर बसून छळ थांबत असेल तर तो थांबविणे हाच आपला हेतू आहे. तक्रार लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेली गोष्ट उद्या कोणास आठवत नाही.

तरुण मित्रहो, आता तुमच्याशी थोडे कठोर बोलतो. आपण नेहमी सोसणारेच असतो असे समजू नका. आपल्याच वस्तीतील मुलगे मुलींची चित्रे परस्परांस पाठवून हसतात. आपल्याच गटात एखाद्याच्या काळ्या रंगावर, तोतरेपणावर, बापाच्या दारूवर विनोद होतात. कोणी आपल्या महापुरुषांविषयी वाईट लिहिले की त्यास उत्तर म्हणून त्याच्या आईबहिणीवर शिव्या लिहिल्या जातात. ज्या आईबहिणीवर शिवी लिहिली तिने काय केले होते? आपण जो धम्म घेतला त्यातील सम्यक् वाचेचे चार भाग आहेत: खोटे न बोलणे, चहाडी न करणे, कठोर न बोलणे आणि निरर्थक बडबड न करणे. हे चार नियम मोबाईलला लावून पाहा. खोट्या नावाचे खाते हे असत्य आहे. एकाचे बोलणे दुसऱ्या गटात नेऊन भांडण लावणे ही चहाडी आहे. शिवी ही कठोर वाणी आहे. आणि खरे की खोटे न पाहता आलेले पुढे ढकलणे ही निरर्थक बडबड आहे. अमेरिकेत २०१३ साली तृषा प्रभू या भारतीय वंशाच्या १३ वर्षांच्या मुलीने ‘रीथिंक’ नावाची एक योजना तयार केली. कोणी दुखविणारे शब्द लिहू लागला की, “हे खरेच पाठवावयाचे आहे काय?” असे ती त्यास मोबाईलवरच विचारते. शील घेतलेल्या माणसाने हा प्रश्न यंत्राची वाट न पाहता स्वतःस विचारावा.

आता करावयाचे काय, ते नेमके सांगतो.

ज्याचा छळ होत असेल त्याने उत्तर देऊ नये आणि मजकूर पुसून टाकू नये. तारीख, वेळ व खात्याचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवावे, ते विश्वासाच्या एका मोठ्या माणसास दाखवावे, आणि मग त्या खात्यास ब्लॉक करावे. ज्या समाजमाध्यमावर मजकूर आहे तेथे तक्रार करण्याची सोय असते. ती कंपनीस कायद्याने ठेवावीच लागते. सरकारचे सायबर गुन्ह्यांचे तक्रार-संकेतस्थळ आहे आणि १९३० हा दूरध्वनी आहे. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ आहे. मनाच्या त्रासासाठी ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतून बोलता येते. मूल खचले असेल तर त्यास मांत्रिकाकडे किंवा गंडेदोऱ्याकडे नेऊ नका, डॉक्टरकडे न्या. जीव देण्याची भाषा कोणी केली तर त्यास एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. मनाच्या आजारावर उपचार घेण्यात ताप-खोकल्यावर औषध घेण्यापेक्षा अधिक लाज नाही.

आईबापांकडून मी एकच वचन मागतो. आज घरी गेल्यावर मुलांस जवळ बसवा आणि त्यांस या शब्दांत सांगा: “मोबाईलवर कोणी तुला त्रास दिला तर मला सांग. मी तुझा मोबाईल काढून घेणार नाही. मी तुझी शाळा बंद करणार नाही. चूक तुझी असली तरी मी प्रथम तुझ्या बाजूला उभा राहीन, मग चुकीचे बोलू.” हे वचन दिल्यावर ते पाळावे लागेल. एकदा मोडले तर मूल दुसऱ्यांदा येणार नाही.

प्रत्येक वस्तीतील तरुणांकडून मी दुसरे वचन मागतो. एक मुलगा व एक मुलगी यांनी पुढे यावे, आणि त्यांच्या पाठीशी एक शिक्षक किंवा वकील किंवा परिचारिका असावी. त्यांची नावे विहाराच्या फलकावर लिहावीत. त्यांनी पोलीस व्हावयाचे नाही, पंच व्हावयाचे नाही, कोणाच्या घरी चालून जावयाचे नाही. त्यांनी ऐकावयाचे, सांगितलेले गुप्त ठेवावयाचे आणि ज्यास गाठावयाचे त्यास गाठून द्यावयाचे. मुलाच्या जिवास धोका दिसला किंवा लैंगिक गुन्हा कळला तर मात्र ते गुप्त ठेवावयाचे नाही. घरच्या जबाबदार माणसास व पोलिसांस त्याच दिवशी सांगावयाचे, हेही मुलास आरंभीच सांगून ठेवावयाचे. रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटे या विषयास द्यावीत. नराईलच्या मुलांनी जे केले त्यास यापेक्षा अधिक सामग्री लागली नव्हती.

बंधुभगिनींनो, पूर्वी आपल्या माणसांस अपमान झाल्यावर तक्रार नेण्यास दार नव्हते. ऐकणारा नव्हता, लिहून घेणारा नव्हता, आणि लिहून घेतले तरी त्यास कायद्याचा आधार नव्हता. आज आपल्या मुलांपुढे ही दारे आहेत. परंतु तेथपर्यंत जाण्यासाठी पहिले दार घराचेच उघडावे लागते. ते आजच उघडा, आणि या आठवड्यात आपल्या वस्तीतील ती दोन नावे ठरवा.

जय भीम.